रायबंदरचा धक्का

येत्या मे महिन्यात मी शाळेतून निवृत्त होत आहे. त्या निमित्ताने वार्तापत्रासाठी एखादा अनुभव लिहून द्यावा, असा संपादक मंडळाचा आग्रह होता. मी टाळाटाळ करत होते. परंतु गेल्या आठवड्यात यंदाच्या गोवा सहलीची सूचना फळ्यावर लागली, आणि काय लिहायचे ते माझे मीच ठरवले. चौदा वर्षांपूर्वी, २०११ सालच्या डिसेंबरात, नववीच्या मुलांना घेऊन मी रायबंदरच्या फेरीबोटीच्या धक्क्यावर गेले होते. त्या दिवशी माझ्या हातून एक चूक झाली. तोंडी ती मी अनेकांना सांगितली आहे, पण लिहून कधी ठेवली नव्हती. पुढच्या शिक्षकांना उपयोगी पडावी म्हणून ती आज लिहीत आहे.

मी भूगोल शिकवते. तेव्हा मला शाळेत चौदा वर्षे झाली होती. दरवर्षी जलावरणाचा पाठ आला की मी फळ्यावर मध्ये पृथ्वी, एका बाजूला चंद्र आणि दूर कोपऱ्यात सूर्य काढत असे. पृथ्वीभोवती अंड्यासारखा लांबट पाण्याचा वेढा निळ्या खडूने रंगवत असे. "दिवसातून दोनदा भरती, दोनदा ओहोटी, दररोज भरतीची वेळ सुमारे ५० मिनिटांनी पुढे जाते," हे वाक्य मुले पाठ करत आणि परीक्षेत बरोबर लिहीत. मीही पूर्ण गुण देत असे. बेळगावपासून समुद्र शंभर-सव्वाशे किलोमीटर लांब. ही ५० मिनिटे प्रत्यक्षात कुठे दिसतात, असा प्रश्न मला कुणी विचारला नाही आणि मीही स्वतःला विचारला नाही.

सहलीचा बेत साधा होता. पहाटे पाचला निघायचे, चोर्ला घाटाने उतरून रायबंदरला जायचे, फेरीबोटीने मांडवी ओलांडून चोडण बेटावरचे डॉ. सलीम अली पक्षी अभयारण्य पाहायचे, तिथे खारफुटीतून छोट्या होडीने फिरायचे, आणि दुपारनंतर जुने गोवे पाहून परतायचे. हे अभयारण्य १९८८ साली घोषित झाले. क्षेत्रफळाने ते अगदी लहान आहे, १.७८ चौरस किलोमीटर. पण नदी, खाडी, चिखल आणि झाडे यांचे नाते एका दिवसात दाखवायला त्याहून चांगली जागा आपल्या जवळपास नाही.

मुले ४३, आम्ही शिक्षक तिघे. एका मुलाच्या आईने संमतिपत्रावर सही करायला फार वेळ लावला होता. मुलगा पाण्याला भिणारा. लहानपणी विहिरीच्या काठावरून घसरला होता, तेव्हापासून. ती माउली शाळेत येऊन मला म्हणाली, "बाई, पाण्याचं काम हाय. पाठवू का नको?" मी म्हणाले, "मी आहे ना बरोबर. काळजी करू नका." तिने सही केली. 'मी आहे ना' हे शब्द आपण शिक्षक किती सहज बोलून जातो!

जांबोटी सोडून बस कणकुंबीला पोचली तेव्हा उजाडत होते. तिथे आम्ही मुद्दाम थांबलो. माउलीच्या देवळाजवळ मलप्रभेचा उगम आहे. मुलांना मी सांगितले, "इथून निघालेली मलप्रभा पूर्वेला जाते. खानापूर, मग सौंदत्तीजवळचे नविलुतीर्थ धरण, आणि पुढे कूडलसंगमला ती कृष्णेला मिळते. म्हणजे हे पाणी शेवटी बंगालच्या उपसागरात जाते. आणि ह्याच तालुक्याच्या ह्याच डोंगररांगांत, देगावच्या बाजूला, म्हादई उगम पावते. ती पश्चिमेला वळते, घाट उतरून गोव्यात जाते. तिथे तिला मांडवी म्हणतात. सगळी मिळून जेमतेम ऐंशी किलोमीटरांची नदी, पण तिचे पाणी अरबी समुद्रात जाते. एकाच डोंगराच्या दोन लेकी, एक पूर्वेला दिली आणि एक पश्चिमेला."

मुलांना ही गोष्ट आवडली. ह्या दोन लेकींच्या पाण्यावरून राज्याराज्यांत किती मोठा वाद चालला आहे, तेही थोडक्यात सांगितले. लवादाने त्याचा निवाडा पुढे ऑगस्ट २०१८ मध्ये दिला, तरी तो वाद पूर्ण मिटलेला नाही. खानापूरहून येणारी एक मुलगी म्हणाली, "बाई, म्हणजे म्हादई आपलीच नदी की. मग ती खारट कुठं होते?" प्रश्न चांगला होता. मी म्हटले, "समुद्राला मिळते तिथे." उत्तर चुकीचे नव्हते. पण अपुरे होते, हे मला तासा-दोन तासांत कळायचे होते.

साडेआठच्या सुमारास आम्ही रायबंदरला पोचलो. पणजी आणि जुने गोवे यांच्या मध्ये, मांडवीच्या दक्षिण तीरावर हे गाव आहे. पणजीहून येणारा रस्ता एका लांबलचक जुन्या दगडी बांधावरून येतो. पोर्तुगीज अमदानीत, १६३० च्या दशकात, तो बांधला गेला. रस्त्याला लागूनच फेरीचा धक्का आहे. समोर चोडण. हिरवा खारफुटीचा पट्टा, त्यामागे माड.

ज्यांनी फेरीचा धक्का पाहिलेला नाही त्यांच्यासाठी थोडे सांगते. बंदर म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे उभी भिंत आणि तिला टेकलेली बोट येते. इथे तसे नसते. इथे रस्ताच उतरत उतरत पाण्यात शिरतो. घाटाला पायऱ्या असतात, ह्याला पायऱ्या नाहीत, नुसता सिमेंटचा उतार. फेरीबोट नाक पुढे करून ह्या उताराला लागते, तिचा पुढचा लोखंडी दरवाजा साखळ्यांनी खाली सोडतात, आणि माणसे, दुचाकी, मोटारी त्यावरून आत जातात. धक्का उतरता का, ह्याचे कारण भरती-ओहोटीतच आहे. पाण्याची पातळी दिवसभर वर-खाली होत असते. उभ्या भिंतीला बोट कधी उंच लागेल, कधी खोल. उतार असला की पाणी कुठेही असो, बोटीला टेकायला जमीन मिळतेच. मी चौदा वर्षे फळ्यावर निळ्या खडूने जे काढत होते, ते इथे कुणीतरी सिमेंटने बांधून ठेवले होते. पण तेव्हा माझ्या हे लक्षात आले नाही. मी मुले मोजत होते.

फेरीबोट पलीकडच्या काठाला होती. मी मुलांना म्हटले, "बोट येईपर्यंत खाली धक्क्यावर उभे राहा, रस्त्यावर नको, गाड्या येतात." गाड्यांची भीती मला ठाऊक होती. पाण्याची नव्हती. धक्क्याचा वरचा भाग कोरडा, पांढुरका होता. खालचा भाग काळपट हिरवा होता आणि त्यावर ओल चमकत होती. तो हिरवा रंग म्हणजे शेवाळ, आणि शेवाळ आहे म्हणजे तो भाग रोज दोनदा पाण्याखाली जातो. भूगोलाच्या शिक्षिकेला हे एका नजरेत वाचता यायला हवे होते.

वाऱ्याने एका मुलाची टोपी उडाली आणि उतारावरून खाली गेली. ती आणायला जो मुलगा धावला तो नेमका तोच, पाण्याला भिणारा. टोपी त्याची नव्हती. मित्राची होती, म्हणून धावला. हिरव्या भागावर पाय पडताच तो बसकण मारून पडला आणि बसल्या बसल्याच घसरत गेला. मी ओरडले. तोवर तो कमरेपर्यंत पाण्यात होता. ओहोटीचे पाणी पणजीच्या दिशेने ओढत होते. एवढ्या शांत दिसणाऱ्या पाण्याला किती ओढ असते ते मी त्या क्षणी पाहिले.

धक्क्याच्या कडेला एक वयस्क गृहस्थ गळ टाकून बसले होते. ते उठले कधी, पाण्यात उतरले कधी, मला कळलेसुद्धा नाही. त्यांनी मुलाच्या पाठीवरच्या दप्तराचा पट्टा धरला आणि शांतपणे, जसे काही भिजलेले गोणपाट ओढावे तसे, त्याला कडेने वर ओढले. ते अनवाणी होते आणि हिरव्या भागावर पाऊल न टाकता कडेच्या खडबडीत दगडांवरून चालत होते. सगळे मिळून अर्धा मिनिट लागले असेल. मुलाचे कोपर आणि पोटरी दगडाला चिकटलेल्या कालवांच्या शिंपांनी सोलवटून निघाली होती. बाकी काही झाले नाही.

ह्या 'बाकी काही झाले नाही'वर मी चौदा वर्षे विचार करते आहे. ते गृहस्थ त्या दिवशी गळ घेऊन तिथे बसले नसते तर? मुलाने दप्तर पाठीवरून काढून ठेवले असते तर?

आम्ही मुलाला वर आणले, जखमा धुतल्या, औषध लावले, कपडे बदलले. सगळी मुले गप्प होती. तो थरथरत होता. मी त्याच्याजवळ बसले आणि काय बोलावे ते मला सुचेना. तेवढ्यात तोच तोंड पुसत म्हणाला, "बाई, आपल्या नदीचं पाणी इथं खारट हाय." सकाळच्या त्या मुलीच्या प्रश्नाचे उत्तर त्याने चाखून आणले होते. मुले हसली. मला मात्र हसू आले नाही, डोळे भरून आले.

मी मुख्याध्यापकांना दूरध्वनी केला. मग मुलाच्या आईला केला. हे सोपे नव्हते. संध्याकाळी मुलगा घरी सुखरूप पोचल्यावर सांगितले तरी चालेल, असे बरोबरच्या शिक्षकांचे मत पडले. त्यांचा हेतू चांगलाच होता. पण ज्या बाईला मी 'मी आहे ना' म्हणाले होते, तिला तिच्या मुलाकडून संध्याकाळी हे कळणे मला बरे वाटेना. मी जे झाले ते सरळ सांगितले. "मुलांना खाली उभे राहायला मीच सांगितले होते," हेही सांगितले. पलीकडे बराच वेळ आवाज नव्हता. मग ती म्हणाली, "त्याला देता का जरा?" मुलगा तिच्याशी बोलला. मग पुन्हा माझ्याशी बोलताना ती एवढेच म्हणाली, "खरं सांगितलासा, बरं केलासा. आता त्याला एकटं सोडू नका."

ह्यानंतर आणखी एक गोष्ट कळली. चोडणच्या बाजूने निरोप आला की खाडीच्या आतल्या फाट्यांत पाणी नाही, होडी जाणार नाही, दुपारी या. म्हणजे अपघात झाला नसता तरी आमची सहल फसलेलीच होती. मी वेळ न पाहता मुलांना घेऊन आले होते.

ते गृहस्थ पुन्हा आपल्या जागी जाऊन बसले होते. आभार मानायला गेले तर त्यांनी हात जोडू दिले नाहीत. ते पूर्वी फेरीबोटीवर खलाशी होते. ५ जुलै १९८६ रोजी पणजीचा मांडवी पूल कोसळला, तेव्हा रात्रंदिवस फेऱ्या मारल्याचे त्यांनी सांगितले. नवा पूल व्हायला १९९२ साल उजाडले. तोवर पणजीला उत्तर गोव्याशी जोडायला फेरीबोटींचाच मोठा आधार होता. मी म्हटले, "मी ह्यांना भूगोल शिकवते. आज ओहोटी आहे हे मला आधी कळायला हवे होते. पण इथले वेळापत्रक आम्हाला बेळगावात कुठून मिळणार?"

ते म्हणाले, "बाई, आज तिथी कोणती?"

मी लगेच म्हणाले, "वद्य चतुर्थी. आज संकष्टी आहे, माझा उपवास आहे." चंद्रोदय नवानंतर आहे, हेसुद्धा मी आदल्या रात्री दिनदर्शिकेत पाहून ठेवले होते.

"चतुर्थी म्हणजे चार. चाराची पाऊणपट किती?"

"तीन."

"मुंबईकडे आज तीनच्या सुमाराला पूर्ण भरती. हा वरच्या कोकणातला जुना हिशेब. आमच्याकडे भरती तासभर आधी येते. समुद्राच्या तोंडाशी दोन वाजता, इथे नदीत आत यायला आणखी थोडा वेळ. त्याच्या सहा तास आधी सुकती. म्हणजे सव्वाआठ-साडेआठ. तुम्ही बरोबर सुकतीला आलात."

मी अवाक् झाले. विद्यार्थिमित्रांनो, हा हिशेब तुम्हीही करून पाहा. शुद्ध पक्ष असो वा वद्य, तिथीचा आकडा घ्यायचा, त्याला तीनने गुणून चाराने भागायचे. येणारा आकडा म्हणजे भरतीची अंदाजे वेळ. तीच पुन्हा साधारण बारा तासांनी. मधल्या वेळी ओहोटी. हे असे का, तर अमावास्येला आणि पौर्णिमेला मुंबईकडे बाराच्या सुमारास भरती असते, आणि पुढे प्रत्येक तिथीला ती पाऊण तासाने, म्हणजे ४५ मिनिटांनी पुढे सरकते. माझ्या पुस्तकात ५० मिनिटे होती, त्यांच्या तोंडी हिशेबात ४५. पुस्तकातला नियम आणि त्यांचा हिशेब मुळात एकच. फरक एवढाच की त्यांना तो वापरता येत होता. माझ्या हातात त्या दिवशी चंद्राचे सगळे वेळापत्रक होते. उपवास सोडण्यासाठी मी ते पाहिले होते, मुलांसाठी पाहिले नव्हते.

आता पुढे काय? परत जावे असे मला वाटत होते. पण तो मुलगाच म्हणाला, "बाई, होडी बघायचीच की." मग आम्ही बेत उलटा केला. आधी जुने गोवे, मग अभयारण्य. निघण्यापूर्वी मात्र तासभर तिथेच थांबलो. मुलांना वरच्या कोरड्या भागावर, कठड्याच्या आत बसवले, आणि एका शिक्षकाला पाण्याच्या बाजूला उभे केले. त्या गृहस्थांनी पाण्याच्या कडेला दगड ठेवला. दर दहा मिनिटांनी पाणी किती सरकले ते ते सांगत आणि मुले वहीत लिहीत. पहिली वीस मिनिटे पाणी जवळजवळ हललेच नाही. मुले कंटाळली. मग ते हळूहळू चढू लागले, आणि तासाच्या शेवटी दगड पाण्यात गेला.

"सुरुवातीला नदी विचार करते," ते म्हणाले, "मधले दोन तास धावते, शेवटी पुन्हा थांबून बघते." दर्यावर्दी लोकांचा ह्यासाठी एक ढोबळ नियम आहे. भरतीच्या सहा तासांत एकूण चढणाऱ्या पाण्याचे बारा भाग केले तर पहिल्या तासात एक भाग, दुसऱ्यात दोन, तिसऱ्या आणि चौथ्या तासात तीन-तीन, पाचव्यात दोन आणि सहाव्यात एक. बेरीज करून पाहा, बारा येते. गोव्याच्या किनाऱ्यावर अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास, म्हणजे उधाणाच्या दिवसांत, भरती आणि ओहोटीच्या पातळीत दोन मीटरांहून जास्त फरक पडतो. अष्टमीच्या आसपास, भांगाच्या दिवसांत, तो बराच कमी, मीटरभराच्या आसपास असतो. धक्क्याचा उतार आठास एक धरला तर दोन मीटर पाणी चढले की धक्क्यावर ते किती मीटर सरकेल? सोळा. म्हणूनच त्या मुलाला वाटले की टोपी रस्त्यावर पडली आहे, आणि खरे तर ती नदीच्या तळाच्या बाजूला पडली होती. तो हिरवा भाग हा रस्ता नव्हताच. सहा तासांसाठी नदीने उघडा ठेवलेला तो तिचा तळ होता.

सकाळच्या त्या मुलीच्या प्रश्नालाही पूर्ण उत्तर मिळाले. नदी खारट होते ती काही एका ठिकाणी, रेघ ओढल्यासारखी नाही. मांडवीत भरतीचा परिणाम समुद्रापासून सुमारे ५० किलोमीटर आत, गांजेपर्यंत पोचतो. उन्हाळ्यात नदीला वरून पाणी कमी येते, तेव्हा खारे पाणी आत आत सरकते. पावसाळ्यात आपल्याकडच्या डोंगरांवर धो धो पाऊस पडला की गोडे पाणी त्याला पार समुद्राकडे ढकलते. म्हणजे जून-जुलैत कणकुंबी-देगावकडे पडणारा पाऊस रायबंदरच्या पाण्याची चव बदलतो. आपल्या घरामागच्या डोंगराचे समुद्राशी असलेले नाते मुलांना एवढ्या जवळून कधी समजले नव्हते, मलाही नाही.

दुपारी दीड वाजता आम्ही परतलो तेव्हा धक्का ओळखू येईना. हिरवा भाग पूर्ण नाहीसा झाला होता. सकाळी मुलगा जिथे पडला होता तिथे आता माणूस उभा बुडेल एवढे पाणी असावे. कठड्याच्या कडेने मुलांनी सकाळी २६ पावले मोजली होती, आता ९ उरली होती. वर लाटा शांतपणे लागत होत्या. जणू तिथे काही झालेच नव्हते.

फेरीतून पलीकडे जायला काही मिनिटेच लागली. त्या मुलाचा हात मी धरला होता. त्यानेही सोडवून घेतला नाही. अभयारण्याचे दार चोडणच्या धक्क्याला लागूनच आहे. होडी खाडीच्या फाट्यांतून आत शिरली. दोन्ही बाजूंना तिवर आणि कांदळ. तिवराची श्वास घेणारी मुळे चिखलातून पेन्सिली रोवल्यासारखी वर आलेली असतात. भरतीमुळे त्यांची नुसती टोके दिसत होती. कांदळाची मुळे झाडाला टेकू दिल्यासारखी कमानी करून उतरतात. त्याचे बी झाडावर असतानाच रुजते आणि शेंगेसारखे लांब लोंबते. खाली पडले की चिखलात रुततेच, किंवा पाण्याबरोबर तरंगत जाऊन दुसरीकडे रुजते. कारण इथली जमीन दिवसातून दोनदा पाण्याखाली जाते, बीला सावकाश रुजायला सवड नाही. सकाळी धक्क्याच्या कडेच्या चिखलात उड्या मारणाऱ्या निवट्या पाहिल्या होत्या, त्या आता दिसेनात. खंड्या, बगळे, पाणकावळे आणि पांढऱ्या डोक्याची ब्राह्मणी घार मात्र मुलांनी मनसोक्त पाहिली.

होडीवाल्याने बेटावरच्या खाजन शेतीविषयी सांगितले. खाडीकाठच्या सखल जमिनीला बांध घालून तिथे भात करतात. बांधात 'मानस' नावाचे लाकडी दार असते. भरतीचे पाणी आत येऊ लागले की त्या पाण्याच्याच जोराने ते मिटते, आणि ओहोटीला आतल्या पाण्याच्या दाबाने उघडते. कुणी माणूस तिथे उभा राहून ते उघडत-मिटत नाही. पूर्वजांनी नदीची सवय ओळखून ते बसवले आहे. मी मनात म्हटले, शाळेलाही अशी एखादी मानस हवी. शिक्षक विसरला तरी आपोआप मिटणारी.

रात्री साडेनऊला आम्ही बेळगावात पोचलो. चंद्र वर आला होता. शाळेच्या फाटकाशी ती आई उभी होती. तिने मुलाच्या कोपराची पट्टी पाहिली, त्याच्या डोक्यावरून हात फिरवला. मी क्षमा मागितली. ती म्हणाली, "बाई, दिवसभर उपवास हाय न्हवं तुमचा? आधी जेवून घ्या." ह्या वाक्याने मला जेवढे ओशाळवाणे वाटले तेवढे कुणाच्या रागावण्याने वाटले नसते. दुसऱ्या दिवशी मी घटनेची लेखी नोंद मुख्याध्यापकांकडे दिली. विश्वस्त मंडळाने मला बोलावले, शांतपणे ऐकून घेतले आणि विचारले, "पुढे असे होऊ नये म्हणून काय करावे?" तेव्हा ठरलेले नियम आजही शाळेच्या सहल-पुस्तिकेत आहेत. ते पालकांना ठाऊक असावेत म्हणून इथे सांगते.

पाण्याच्या ठिकाणी सहल असेल तर एका शिक्षकाने ती जागा आधी जाऊन पाहायची. भरती-ओहोटीची वेळ सहलीच्या पत्रकावर छापायची. अलीकडे ती मोबाइलवरही मिळते, पण तिथीच्या हिशेबाने एकदा ताडून पाहायची, म्हणजे मुलांचा अभ्यासही होतो. धक्का, घाट, बंधारा, काहीही असो, जिथे जमीन हिरवी आणि ओली दिसेल तिथे पाऊल टाकायचे नाही. दहा मुलांमागे एक मोठा माणूस हवाच, मग त्यासाठी पालकांना बरोबर न्यावे लागले तरी चालेल. आणि काही झाले तर घरी त्याच वेळी कळवायचे, संध्याकाळपर्यंत थांबायचे नाही.

तो मुलगा पुढे पोहायला शिकला. मागच्या वर्षी तो शाळेत भेटायला आला होता. गप्पा मारता मारता मला म्हणाला, "बाई, अजून कुठल्या नदीवर गेलो की आधी काठाचा रंग बघतो." मी शिकवलेल्या भूगोलातले त्याच्या लक्षात राहिले ते एवढेच, आणि तेही मी नव्हे, त्या नदीनेच शिकवले.

रायबंदर-चोडण मार्गावर आता मोठ्या रो-रो फेरीबोटी आल्या आहेत. जुलै २०२५ मध्ये त्या सुरू झाल्या. बोटी बदलल्या तरी पाणी तसेच दिवसातून दोनदा चढते आणि उतरते. यंदाच्या सहलीची तारीख ठरवताना आम्ही आधी तिथी पाहिली आणि पौर्णिमेचा दिवस निवडला. मीही बरोबर असेन. शाळेबरोबरची माझी ती शेवटचीच सहल.

नववीच्या विद्यार्थ्यांनो, पौर्णिमा म्हणजे पंधरा. मुंबईकडची भरती किती वाजता, रायबंदरची साधारण किती वाजता, आणि आपण धक्क्यावर किती वाजता पोचायला हवे? उत्तर वहीत लिहून बसमध्ये चढताना मला दाखवा. ज्याचे उत्तर चुकेल त्याला मी खाली उतरवणार नाही. फक्त माझ्या शेजारी बसवीन आणि कणकुंबीपर्यंत पुन्हा समजावून सांगेन.